सारखं विचारणं थांबवलं, तर काम ढेपाळेल का?

प्रश्न : माझ्या हाताखाली ८ जण आहेत. दिवसातून ४-५ वेळा विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. कधी आवाजही चढतो. विचारणं सोडलं तर सगळं ढेपाळेल, अशी भीती वाटते. काय करावं?

उत्तर : एकदम सोडलंत तर ढेपाळेलच. तुमच्या विचारण्यावर काम चालायची सवय लागली आहे. आधी त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागेल. काम देतानाच लिहून द्या : पूर्ण झालेलं काम नेमकं कसं दिसेल, ते कधी हवं आणि कोणते निर्णय न विचारता घेता येतील. शेवटची गोष्ट बहुतेक साहेब विसरतात, आणि मग 'हे स्वतःहून काहीच करत नाहीत' म्हणून कुरकुरतात.

तपासणीच्या वेळा आधीच ठरवा. १० दिवसांच्या कामाला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी १५ मिनिटं पुरतात. दिशा चुकली असेल तर तिसऱ्या दिवशी फारसं काही वाया गेलेलं नसतं. मधे विचारू नका. मात्र अडचण आली की त्याच दिवशी सांगायची, हा नियम पक्का. वाईट बातमी आणणाऱ्यावर एकदा जरी खेकसलात, तरी पुढची बातमी मुदत उलटल्यावरच कळेल. आवाज चढणार असं वाटलं, तर 'अर्ध्या तासाने बोलू' म्हणा, आणि खरंच बोला. 'कोणामुळे झालं?' ऐवजी 'कुठे अडलं?' विचारा.

सुरुवात दोघा अनुभवी सहकाऱ्यांपासून करा. नवख्यांना मात्र पहिले काही आठवडे रोज १० मिनिटं द्यावीच लागतात.