पाचही व्हॉवेल एकाच शब्दात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दादा, मी नववीत आहे, मराठी मीडियम. इंग्रजीच्या सरांनी वर्गाला चॅलेंज दिलंय की ए, ई, आय, ओ, यू हे पाचही व्हॉवेल असलेले शब्द शोधून आणा, जितका लांब शब्द तितके जास्त मार्क. एज्युकेशन तर अख्ख्या वर्गाने लिहिलंय. दुसरे कुठले आहेत, आणि डिक्शनरी पाठ न करता शोधायची काही युक्ती आहे का?

उत्तर : युक्ती आहे, आणि एकदा जमली ना की आयुष्यभर पुरते. पण आधी सरांना एक गोष्ट नीट विचारून घे. 'ही अक्षरं शब्दात असली पाहिजेत' वेगळं, 'फक्त हीच अक्षरं वापरायची' वेगळं आणि 'प्रत्येक अक्षर एकदाच आलं पाहिजे' हे अजून वेगळं. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी निघतात आणि बहुतेक भांडणं इथेच होतात. तुझं पहिल्या प्रकारातलं दिसतंय, म्हणजे बाकीची अक्षरं कितीही येऊ देत.

आता युक्ती. लांब शब्द पुढून शोधायचा नाही, शेपटीकडून शोधायचा. इंग्रजीतले बरेचसे लांब शब्द ठरलेल्या शेपट्या घेऊनच येतात. त्यातली सगळ्यात कामाची म्हणजे टी-आय-ओ-एन, जी आपण 'शन' म्हणतो. ती लावली की आय आणि ओ फुकटात मिळाले, राहिले ए, ई, यू. आता 'एट'ने संपणारी क्रियापदं आठव, त्यात ए आधीच असतो, म्हणजे फक्त ई आणि यू असलेलं क्रियापद हवं. एज्युकेट, रेग्युलेट, इव्हॅल्युएट, स्पेक्युलेट. लाव शेपूट, झाले चार शब्द! रेप्युटेशन पण त्याच घरातला, आर-ई-पी-यू-टी-ए-टी-आय-ओ-एन, प्रत्येक व्हॉवेल बरोब्बर एकदा.

आता लांबी वाढवायची. कम्युनिकेशन हा शब्द घे, तेरा अक्षरं, त्यात ओ, यू, आय, ए सगळे आहेत, एकटा ई नाही. मग ई असलेलं काहीतरी पुढे जोडायचं. टेलि! टेलिकम्युनिकेशन, सतरा अक्षरं, पाचही व्हॉवेल हजर. पॉप्युलेशनचं पण तेच, ई नाही, पुढे ओव्हर लावलं की ओव्हरपॉप्युलेशन, चौदा अक्षरं. हे कोणी पाठ करून येत नाही रे, कुठलं अक्षर कमी आहे ते बघायचं आणि ते कुठून आणता येईल त्याचा विचार करायचा, बास.

दुसरी शेपूट आय-ओ-यू-एस. हिच्यात तीन व्हॉवेल एका झटक्यात आणि तेही ओळीने, म्हणजे पुढे ए आणि मग ई आला की पाचही क्रमाने लागले. असे शब्द फार थोडे आहेत. फसीशस (एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस) म्हणजे नको तिथे थट्टा करणारा, अ‍ॅबस्टीमियस (ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस) म्हणजे खाण्यापिण्यात संयम ठेवणारा. दोघांनाही शेवटी एल-वाय लावलं तर वाय पण क्रमाने येतो. आणि उलट्या क्रमाने, यू-ओ-आय-ई-ए? त्यासाठी आपला स्वतःचाच शब्द आहे, सबकॉन्टिनेन्टल! भारतीय उपखंड म्हणतो ना आपण, त्यातलं सबकॉन्टिनेन्ट, त्याला ए-एल जोडलं की झालं. लहान हवा असेल तर सिक्वोया, कॅलिफोर्नियातलं ते प्रचंड झाड, सातच अक्षरं आणि त्यात पाच व्हॉवेल.

एक मात्र आपल्या मुलांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. आपण इंग्रजी शब्द कानाने लक्षात ठेवतो, देवनागरीत जसा ऐकला तसा लिहितो, आणि तिथेच व्हॉवेल हरवतात. 'फसीशस' ऐकून त्यात ओ आणि यू आहेत हे कोणाच्या डोक्यात येणार? न्यूमोनियात पाचही व्हॉवेल आहेत पण ई ऐकूच येत नाही. त्यामुळे या खेळात शब्द मनात बोलायचा नाही, स्पेलिंग कागदावर लिहून बघायचं. कॉलीफ्लॉवर, डायलॉग (यू-ई वालं ब्रिटिश स्पेलिंग), माउंटेनिअर, टॅम्बरीन, सगळे लिहून बघ, पटेल.

प्रश्न : मी रोज सकाळी फोनवर सात अक्षरांचा तो स्पेलिंग बीचा गेम खेळते. लहान शब्द पटापट सुचतात पण सातही अक्षरं वापरलेला शब्द काही केल्या सापडत नाही. काय करू? (गृहिणी, पुणे)

उत्तर : काकू, न्यूयॉर्क टाइम्सचा गेम म्हणताय तुम्ही, 2018 पासून ऑनलाइन आहे. नियम बाकीच्यांसाठी सांगतो : सात अक्षरं, मधलं अक्षर आलंच पाहिजे, शब्द किमान चार अक्षरांचा आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं. हे शेवटचंच लोक विसरतात आणि अडकतात.

उदाहरण घेऊ. समजा ए, सी, जी, आय, एन, ओ, टी मिळालेत आणि मध्ये टी आहे. आय-एन-जी दिसली की ती लगेच बाजूला काढायची, कारण जी एकदा या शेपटीत खपला की डोकं मोकळं होतं. उरले सी, ओ, ए, टी. कोट! म्हणजे कोटिंग, सातही अक्षरं, एकेकदा. आता रिपीट करायला मोकळीक आहे म्हटल्यावर कन्टेनिंग, कॉन्टॅक्टिंग, दोन्ही दहा अक्षरी, दोन्हीत सातही अक्षरं. आणि गंमत बघा, याच अक्षरांतून इन्कॅन्टेशन होतो, मंत्रोच्चार या अर्थाचा, अकरा अक्षरी म्हणजे या सगळ्यांपेक्षा लांब, पण त्यात जी नाही म्हणून सात गुणांचा बोनस नाही. इन्कॅन्टेशनचे अकरा, कन्टेनिंगचे दहा अधिक सात असे सतरा. म्हणून लांबीच्या मागे लागण्याआधी अवघड अक्षर कुठे बसतंय ते बघत जा.

प्रश्न : टायपिंगच्या क्लासला सर म्हणाले की टायपरायटर हा शब्द कीबोर्डच्या एकाच ओळीत टाइप होतो. असे आणखी आहेत का?

उत्तर : बरोबर सांगितलं सरांनी, वरच्या ओळीत होतो, दहा अक्षरं. त्याच ओळीत प्रोप्रायटर, पर्पेच्युइटी, रेपर्ट्वार, हे पण सगळे दहा दहाचे. मधल्या ओळीत ए हा एकच व्हॉवेल असल्याने तिथे फार काही होत नाही, अल्फाल्फा होतो, म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात तो लसूणघास. खालच्या ओळीत तर व्हॉवेलच नाही. नुसत्या डाव्या हाताने स्टुअर्डेसेस (बारा अक्षरं), नुसत्या उजव्या हाताने लॉलीपॉप आणि पॉलिफनी. प्रॅक्टिसला हे आलटून पालटून टाइप करून बघा, कुठला हात कच्चा आहे ते लगेच कळतं.

प्रश्न : इंग्रजीतला सगळ्यात मोठा शब्द माहीत असला की कुठलीही अक्षरं त्यात सापडणारच ना?

उत्तर : नाही, हा गैरसमज काढूनच टाका. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, एकोणतीस अक्षरं, त्यात आय नऊ वेळा आहे आणि ई एकदाही नाही, इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षरच नाही! अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम अठ्ठावीस अक्षरी, त्यात ओ नाही आणि यू पण नाही. पंचेचाळीस अक्षरांचा तो न्यूमोनो... ने सुरू होणारा फुफ्फुसाच्या आजाराचा शब्द, त्यात पाचही व्हॉवेल आहेत हे खरं, पण तो 1935 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांबलचक बनवला होता, डॉक्टर लोक त्याला सिलिकोसिस म्हणून मोकळे होतात.

मला विचाराल तर अनकॉपीराइटेबल जास्त भारी आहे. पंधरा अक्षरं, एकही अक्षर दोनदा नाही, पाचही व्हॉवेल आणि वर वाय. आणि स्क्रॅबलच्या बोर्डवर एका ओळीत घरं असतात पंधराच, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोब्बर बसतो.