एका मताने हुकलेली फाळणी : लिबियाचे स्वातंत्र्य

प्रश्न : लिबियाला स्वातंत्र्य संयुक्त राष्ट्रसंघाने बहाल केले, असे वाचले. मग तिथे लढा झालाच नाही का?

लढा झाला, पण तो इटलीविरुद्ध आणि बराच आधी. १९११ मध्ये इटलीने आक्रमण केले. प्रतिकाराचे नेते उमर मुख्तार यांना १६ सप्टेंबर १९३१ रोजी सुलूक येथे फाशी दिल्यावर सायरेनायकातला (पूर्व लिबियातला) सशस्त्र प्रतिकार मोडला. लिबियाचे तीन प्रांत : त्रिपोलितानिया (पश्चिम), सायरेनायका (पूर्व) आणि फेझान (नैर्ऋत्य). १९४३ पासून पहिले दोन ब्रिटिश लष्कराच्या, तर फेझान फ्रेंचांच्या ताब्यात होते. १९४७ च्या शांतता तहात इटलीने हक्क सोडले. तहातच अट होती : चार बड्या राष्ट्रांचे (अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स) वर्षभरात एकमत झाले नाही, तर निर्णय संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने करायचा. एकमत झाले नाही. आमसभेत नकाराधिकार चालत नाही आणि छोट्या देशाच्या मतालाही तेवढीच किंमत असते, हे पुढे निर्णायक ठरले. ‘बहाल केले’ हा शब्द म्हणूनच पटत नाही. बड्यांना वाटून घेता आले नाही, हे अधिक खरे.

प्रश्न : एका मताने लिबियाची फाळणी टळली, ही दंतकथा तर नाही?

नाही. ब्रिटन आणि इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बेव्हिन-स्फोर्झा योजनेत सायरेनायका ब्रिटनकडे, फेझान फ्रान्सकडे आणि त्रिपोलितानिया पुन्हा इटलीकडे, असा विश्वस्त कारभार (राष्ट्रसंघाच्या वतीने दुसऱ्या देशाने चालवायचा) सुचवला होता. मे १९४९ मध्ये मतदान कलमवार झाले. इटलीच्या कलमाला ३३ मते अनुकूल, १७ प्रतिकूल. दोन-तृतीयांशासाठी ५० पैकी ३४ हवी होती! हैतीचे प्रतिनिधी एमिल सँ-लो यांचे मत विरोधात गेले, म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. (खरे तर सतराही विरोधी मतांचा वाटा सारखाच.) इटलीचा वाटा गेल्यावर इटलीची बाजू घेणाऱ्या लॅटिन अमेरिकी देशांना उरलेल्या योजनेत रस राहिला नाही आणि ती सबंधच कोसळली. २१ नोव्हेंबर १९४९ च्या ठरावाने मुदत घातली : १ जानेवारी १९५२ पूर्वी स्वतंत्र, अखंड लिबिया.

प्रश्न : एवढ्याशा लोकसंख्येच्या देशाला संघराज्य कशाला?

संयुक्त राष्ट्रसंघाचे लिबियातले आयुक्त एड्रियन पेल्ट यांच्यापुढचा सर्वांत अवघड पेच हाच होता. सुमारे दोन-तृतीयांश लोक त्रिपोलितानियात. डोकी मोजून जागा दिल्या असत्या तर बाकीचे दोघे आलेच नसते. म्हणून घटना लिहिणाऱ्या राष्ट्रीय सभेत प्रत्येक प्रांताचे २० असे ६० सदस्य, तेही निवडलेले नव्हे, नेमलेले. त्रिपोलीत बशीर सादावी यांच्या पक्षाने यावर कडाडून टीका केली, आणि ती रास्त होती. पण सनुसी पंथाचे प्रमुख इद्रिस यांनी १९४९ मध्येच सायरेनायकाची वेगळी अमिरात जाहीर केली होती. समान जागा नाकारल्या असत्या तर एकसंध देश उभा राहणे कठीण होते. डिसेंबर १९५० मध्ये सभेने संघराज्य आणि इद्रिस यांची राजेशाही स्वीकारली, ७ ऑक्टोबर १९५१ ला घटना मंजूर केली. घटनेत राजधान्याही दोन : त्रिपोली आणि बेनगाझी. २४ डिसेंबर १९५१ ला इद्रिस यांनी स्वातंत्र्य घोषित केले. संघराज्य १९६३ मध्ये मोडीत निघाले.

प्रश्न : तेव्हा चलन कोणते होते?

तीन! त्रिपोलितानियात ब्रिटिश लष्करी प्रशासनाचा लिरा, सायरेनायकात इजिप्शियन पौंड, फेझानमध्ये अल्जीरियन फ्रँक. लिबियन पौंड आला तो १९५२ मध्ये.