‘पॉझिटिव्ह रहा’ ऐकून आता वैताग येतो

प्रश्न : ताई, नोकरी जाऊन आठ महिने झाले. सुरुवातीला मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो की दोन महिन्यांत लागेल कुठेतरी. मग तीन ठिकाणी शेवटच्या राउंडपर्यंत गेलो आणि तिन्हीकडून नकार, तिसऱ्या वेळी तर दोन दिवस अंथरुणातून उठलोच नाही. आता ठरवलंय, अपेक्षाच ठेवायची नाही म्हणजे त्रासही नाही. घरचे म्हणतात पॉझिटिव्ह रहा, बायको म्हणते तू आधीसारखा राहिला नाहीस. आशा ठेवणं मूर्खपणा आहे का? खरं सांगा.

उत्तर : मूर्खपणा अजिबात नाही. मला वाटतं घोळ इथे झाला की तुम्ही आशेला तारीख लावलीत. ‘दोन महिन्यांत’ म्हटलं की एकसष्टाव्या दिवशी माणूस आपोआप नापास, काही चुकलेलं नसताना. आणि तीनदा शेवटच्या राउंडपर्यंत पोचणं ही साधी गोष्ट नाही हो, तुम्ही ती एका ओळीत उरकलीत म्हणून मुद्दाम परत लिहितेय.

आता ‘अपेक्षाच नको’ हे शहाणपणाचं वाटतं खरं, पण ‘काही होणार नाही’ हेही भविष्य सांगणंच झालं ना, आधी ‘होणारच’ म्हणत होता तितक्याच खात्रीने.

गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २००२ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवरचा. जे छान नोकरी लागल्याची स्वप्नं रंगवत बसायचे त्यांनी अर्जच कमी केले, दोन वर्षांनी बघितलं तर ऑफर कमी आणि पगारही कमी. पण ज्यांना ‘मला मिळू शकेल’ असं मनापासून वाटत होतं त्यांचं बरं झालं. दोन्हीला आपण पॉझिटिव्हच म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो. म्हणून घरच्यांच्या सल्ल्याने तुम्हाला वैताग येतो तो मला पटतो.

अजून एक, त्या दोन दिवसांबद्दल. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवलं होतं की थांबवता न येणारे शॉक सोसलेली बरीचशी कुत्री पुढे सुटायची वाट असतानाही बसून राहतात, म्हणजे हतबलता ती शिकतात. पण २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो, लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं हे मेंदूचं आपसूक वागणं आहे, शिकावं लागतं ते ‘आपल्या हातात काहीतरी आहे’ हे. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी जणांचे चेहरे डोळ्यांपुढे आले, स्वतःला कमकुवत म्हणवून घेणाऱ्यांचे. तुम्हीही म्हणू नका.

मग शिकायचं कसं, तर रोज एक गोष्ट अशी करा की जिचा शेवट तुमच्या हातात आहे. निवड होणं हातात नाही, अर्ज पाठवणं आहे, जुन्या सहकाऱ्याला फोन करणं आहे, आणि ज्यांनी नकार दिला त्यांना ‘कुठे कमी पडलो’ विचारणंही आहे, एखादा तरी उत्तर देईल. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१ मध्ये आशेची जी मांडणी केली तीत कुठे जायचंय, वाटा किती सुचतात आणि चालायचं बळ किती, असं सगळं येतं. तुमच्या पत्रात मला वाट एकच दिसली, आधीसारखीच नोकरी. छोट्या मुदतीचं काम, वेगळं पद, एखादं कौशल्य नव्याने शिकणं, अशा निदान दोन वाटा तरी कागदावर येऊ द्या.

नकार परत येऊ शकतो, त्याची तयारी आत्ताच करा. नकाराचा मेल आला तर त्या दिवशी काही नाही, फक्त एका मित्राशी बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक अर्ज. आणि बायकोसोबत बसून शिल्लक किती महिने पुरेल हे एकदा आकड्यात बघा, भीती वाटते हेही तिला सांगा, ती तेच ऐकायची वाट बघत असेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

झोप-भूक बिघडणं, कशातच रस नसणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज चालू असेल तर मात्र डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगणंच नको असा विचार आला तर त्याच दिवशी, थांबू नका.

पहिला फोन कोणाला केलात ते मला नक्की कळवा.