शास्त्रप्रश्न : हे वचन नेमके कोणाला?

प्रश्न : "तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत" या आशयाचे यिर्मया २९:११ हे वचन धरून मी नोकरीच्या मुलाखतीआधी तीन महिने प्रार्थना केली. निवड झाली नाही. माझा विश्वास कमी पडला, की वचनाचा अर्थ लावताना चूक झाली?

उत्तर : अर्थ लावताना चूक झाली, आणि तिचा दोष एकट्या तुमच्यावर टाकता येणार नाही. हे वचन कार्डांवर आणि भिंतींवर इतके सुटे छापले जाते, की ते एका पत्रातले मधले वाक्य आहे हे लक्षातच राहत नाही.

ते पत्र यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) पाठवले. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यकन्या, राजमाता, सरदार, कारागीर यांना बंदिवान करून नेले होते; पत्र त्या लोकांना आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत सांगतो, की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया त्याच्या अगदी उलट लिहितो : घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या वचनात आकडा येतो, सत्तर वर्षे. अकरावे वचन त्यालाच जोडलेले आहे. हिब्रूत ते 'कारण' या अर्थाच्या शब्दाने सुरू होते. पत्र ऐकणारा तिशीतला माणूस सत्तर वर्षांनी हयात असणार नव्हता. त्याला मिळालेले आश्वासन असे होते, की तू इथेच मरशील, पण माझे लोक इथे संपणार नाहीत. शिवाय 'हित' म्हणून जो 'शालोम' शब्द अकराव्या वचनात आहे, तोच सातव्या वचनात शत्रूच्या नगरासाठी आला आहे. बाबेलच्या हितात तुमचे हित, असे देव त्यांना सांगतो. कार्डावर हे कधी येत नाही.

मराठी वाचकाची इथे एक खास अडचण होते. 'तुम्ही' अनेकांनाही म्हणतात आणि एकट्याला आदरानेही म्हणतात, त्यामुळे 'तुमच्याविषयी' वाचताना ते आपल्या एकट्याविषयीच आहे असे वाटते. मूळात ते अनेकवचन आहे. हा भेद किती मोलाचा असतो ते लूक २२:३१-३२ मध्ये पाहा. येशू बोलतो शिमोनाशी, पण सैतानाने 'तुम्हाला', म्हणजे सर्व शिष्यांना, चाळायला मागितले. येशू पुढे म्हणतो, मी मात्र 'तुझ्यासाठी', म्हणजे एकट्या शिमोनासाठी, प्रार्थना केली. अनुवादात 'तू' आणि 'तुम्ही' कुठे बदलतात याकडे लक्ष ठेवण्याची सवय लावून घ्या.

एखादे वचन संदर्भाबाहेर आपल्या नावावर करता येते का, हे तपासायचे असेल तर त्याच पुस्तकातले नावडते वचन घेऊन बघावे. यिर्मया ४४:२७ मध्ये तोच देव मिसरात पळून गेलेल्या लोकांना म्हणतो, की मी तुमच्यावर नजर ठेवून आहे ती हितासाठी नव्हे, अनिष्टासाठी. हे कोणी भिंतीवर लावत नाही, कारण 'ते त्या लोकांना होते' हे आपल्याला लगेच कळते. तीच समज २९:११ लाही लावायला हवी.

मग या वचनाचा आपल्याशी संबंधच नाही का? आहे, पण तो ख्रिस्ताच्या मार्गाने येतो. देवाची सर्व वचने त्याच्यामध्ये 'होय' आहेत, असे २ करिंथ १:२० सांगते. ज्या देवाने बंदिवासातही लोकांना टाकले नाही, त्याने तारणारा त्याच लोकांतून दिला. रोमकरांस ८:२८ मधले 'कल्याण' काय, हे पुढचेच वचन ठरवते : त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपासारखे होणे. नोकरी मिळणे किंवा न मिळणे दोन्ही त्यात बसू शकते. नोकरीसाठी प्रार्थना जरूर करा. फक्त देवाने न दिलेला शब्द त्याच्या तोंडी घालू नका. नाहीतर नकार आला की माणसाला देवच खोटा वाटू लागतो, आणि ही जखम लवकर भरत नाही.

प्रश्न : पौल म्हणतो, मनुष्य कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो (रोम. ३:२८). याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी ठरतो (२:२४). दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. मेळ कसा घालायचा?

उत्तर : दोघे अब्राहामाच्या आयुष्यातला कोणता प्रसंग पुढे ठेवतात ते आधी पाहा. पौल उत्पत्ती १५:६ घेतो (अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असे गणण्यात आले) आणि विचारतो, तेव्हा त्याची सुंता झाली होती का? त्यानंतर त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता आणि सुंता ९९व्या वर्षी झाली. म्हणजे 'नीतिमत्त्व गणण्यात आले' ते सुंतेच्या किमान तेरा वर्षे आधी. याकोब मात्र उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात जातो, अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवले तिथे. तोवर इसहाक होमाची लाकडे वाहून नेण्याइतका मोठा झाला आहे. त्या प्रसंगाने १५:६ 'पूर्ण झाले' असे याकोब म्हणतो. पौल आरंभ दाखवतो आहे, याकोब त्याच विश्वासाला बऱ्याच वर्षांनी आलेले फळ.

शब्दही सारखे असले तरी त्यांचा रोख वेगळा आहे. याकोब २:१९ मधला विश्वास भुतांनाही आहे. तो केवळ 'देव एक आहे' ही माहिती. पौल ज्याला विश्वास म्हणतो तो भरवसा आहे, आणि तो प्रीतीने कार्य करतो (गलती ५:६). पौलाच्या डोळ्यांपुढे नियमशास्त्राची कर्मे आहेत, ज्यांच्या जोरावर कोणी देवापुढे हक्क सांगेल. याकोबाच्या डोळ्यांपुढे उघडा, उपाशी भाऊ आहे, ज्याला कोणीतरी नुसतेच 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावले.

राहिला 'ठरणे'. न्यायालयात माणूस निर्दोष ठरतो, तो निकाल असतो. 'अखेर त्याचे म्हणणे खरे ठरले' असे आपण म्हणतो, तेव्हा जे होते ते दिसून आले एवढाच अर्थ असतो. ग्रीक क्रियापदालाही या दोन्ही छटा आहेत. लूक ७:३५ मध्ये ज्ञान आपल्या लेकरांच्या योगे 'न्यायी ठरते' ते दुसऱ्या अर्थाने. पौल पहिल्या अर्थाने बोलतो. याकोब दुसऱ्या अर्थाने बोलतो, असे अनेक सुवार्तिक (इव्हँजेलिकल) भाष्यकार मानतात, आणि आम्हालाही ते पटते. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने नव्या कराराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले, तिथे त्याचा तोल गेला. मंडळीला (चर्चला) ही दोन्ही पत्रे लागतात. इफिस २:८-१० मध्ये पौल स्वतःच क्रम लावून देतो : कृपेने, विश्वासाच्या द्वारे, सत्कृत्यांसाठी. उपदेशक आठ-नऊवर थांबतात आणि दहा सोडून देतात, तेव्हा गोंधळ सुरू होतो.

प्रश्न : दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) कर कापण्याआधीच्या पगारावर द्यायचा, की हातात येणाऱ्या रकमेवर?

उत्तर : पवित्र शास्त्रात याचे उत्तर नाही, कारण तिथला दशमांश पगाराचा नव्हे, शेतमालाचा आणि गुराढोरांचा आहे. तोही एकच नाही. गणना १८ मधला लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला, जातो. अनुवाद या पुस्तकातला (१४:२२-२७) देणाऱ्याने कुटुंबासह परमेश्वरासमोर जेवावा असा आहे. दर तिसऱ्या वर्षीचा परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. हे तिन्ही वेगळे धरले तर वर्षाला सरासरी २३ टक्के होतात. मलाखी ३:१० मध्ये दशमांश ज्या 'भांडारात' आणायला सांगितला आहे, ते म्हणजे मंदिराची कोठारे. ती रिकामी पडली की लेवी पोटासाठी शेतावर निघून जात (नहेम्या १३:१०).

दहावा हिस्सा आजही किमान पायरी म्हणून पाळावा, असे मानणारे प्रामाणिक विश्वासणारे आहेत. तो नियम ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाही, असे आमचे मत. नवा करार सांगतो ते असे : मिळकतीच्या मानाने, नियमितपणे बाजूला काढून (१ करिंथ १६:२), जवळ असेल त्यातून, नसेल त्यातून नव्हे (२ करिंथ ८:१२), आणि संतोषाने (९:७). कर्ज थकले असेल तर आधी ते फेडा. आईवडिलांचे औषधपाणी अडवून मंदिराला देणाऱ्यांना येशूने मार्क ७:११-१३ मध्ये काय सुनावले, तेही वाचा.

प्रश्न : आमच्या मंडळीतील एका वडिलाने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्याने) एका तरुणीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे तिने सांगितले आहे. पाळकांचे म्हणणे, मत्तय १८ नुसार तिने आधी त्याला एकांतात भेटावे, आणि १ करिंथ ६ मुळे (विश्वासणाऱ्यांनी आपसांतले वाद न्यायालयात नेऊ नयेत) पोलिसांत जाऊ नये. शिवाय साक्षीदारही नाहीत. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. एकाही मुद्द्यावर नाही.

मत्तय १८:१५-१७ मध्ये तीन पायऱ्या आहेत : एकट्याने जाऊन चूक दाखवणे, न ऐकल्यास एक-दोघांना नेणे, मग मंडळीला सांगणे. हा मार्ग भावाला परत मिळवण्यासाठी आणि कुजबुज थांबवण्यासाठी आहे. ज्याने शरीरावर अत्याचार केला त्याच्यासोबत पीडितेने एकटीने खोलीत बसावे, हा त्याचा अर्थ होऊच शकत नाही. याच अध्यायात थोडे वर, सहाव्या वचनात, लहानांतील एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे. १ करिंथ ५ मधल्या लैंगिक पापात पौल 'आधी एकांतात भेटा' म्हणत नाही, त्या माणसाला बाहेर काढा म्हणतो. वडिलांविषयीचा नियम तर वेगळा लिहिलेला आहे : जे पाप करतात त्यांना सर्वांसमोर दोष दे, आणि पक्षपात करू नको (१ तीम. ५:२०-२१).

१ करिंथ ६ मधले वाद पौलाच्याच शब्दांत 'क्षुल्लक' आहेत, एकमेकांना लुबाडण्याचे. अत्याचार हा गुन्हा आहे, आणि गुन्हेगाराला शासन करण्यासाठी देवाने अधिकारी नेमला आहे (रोम. १३:४). त्याच्याकडे जाणे ही अविश्वासाची खूण नाही.

साक्षीदारांचे म्हणाल, तर दोघा-तिघांच्या साक्षीचा नियम अनुवाद या ज्या पुस्तकात आहे (१९:१५), त्याच पुस्तकात २२:२५-२७ आहे. रानात एकट्या मुलीवर बळजबरी झाली, ती ओरडली, वाचवायला कोणी नव्हते. तिने कोणताही अपराध केलेला नाही, आणि कृत्य खुनासारखे आहे, असे नियमशास्त्र म्हणते. तिथेही साक्षीदार नव्हताच. आणि आज वैद्यकीय तपासणी, संदेश, पूर्वीच्या तक्रारी या सगळ्या साक्षीच आहेत.

आता करायचे काय. तरुणी सुरक्षित आहे ना, हे सर्वांत आधी पाहा. तिच्यासोबत तिने निवडलेली स्त्री असू द्या. तिने सांगितले ते एकदाच, तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. पाच जणांनी पाच वेळा विचारले की कथनात फरक पडतात आणि मग तेच तिच्याविरुद्ध वापरले जातात. मोबाइलवरचे संदेश पुसू देऊ नका. तक्रार करायला तिला सोबत करा. ती अल्पवयीन असेल तर त्याच दिवशी कळवा, मंडळीच्या बैठकीची वाट पाहू नका. आरोपीला आधी 'समजावून' सांगू नका, पुरावे त्याच मधल्या काळात नाहीसे होतात. चौकशी संपेपर्यंत त्याला सर्व सेवेतून बाजूला ठेवा. याने तो दोषी ठरत नाही. मंडळीची वेगळी चौकशी हवी असेल तर ती पोलिसांच्या तपासाला अडथळा न आणता, बाहेरच्या आणि त्याच्याशी नाते किंवा स्नेह नसलेल्या लोकांकडून करा.

'क्षमा कर' हा आग्रह या टप्प्यावर कोणीही तिला करू नये. लूक १७:३ मध्ये क्षमेच्या आधी दटावणे आणि पश्चात्ताप आहेत. आणि क्षमा मिळाली तरी पद परत मिळत नाही, वडील निर्दोष असावा, बाहेरच्यांतही त्याची साक्ष चांगली असावी (१ तीम. ३:२, ७), ही अट पश्चात्तापाने आपोआप पुरी होत नाही. मंडळीची बदनामी होईल, ही भीती पाळकांना असेल. ख्रिस्ताच्या नावाला काळिमा लागला तो अत्याचाराने. तिने तोंड उघडले म्हणून तो लागलेला नाही.

प्रश्न : काही नव्या भाषांतरांत मत्तय १८:११ (मनुष्याचा पुत्र हरवलेले तारायला आला आहे) हे वचनच नाही, दहानंतर थेट बारा. कोणी काढून टाकले?

उत्तर : काढलेले नाही; ते मागाहून आत आले असावे. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत ते नाही, नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत आहे. जवळजवळ हेच वाक्य लूक १९:१० मध्ये मात्र पक्के आहे. मत्तयात पुढेच हरवलेल्या मेंढराचा दाखला येतो, त्यामुळे नकलकाराला ते आठवले आणि त्याने ते इथे जोडले, असे दिसते. वचनांचे आजचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक नव्या करारात घातले. त्याच्यापुढचा पाठ नंतरच्या हस्तलिखितांवर आधारलेला होता, म्हणून अकराव्या वचनाला तिथे क्रमांक मिळाला. वाक्य गेले तरी आकड्याची जागा तशीच राहिली. तुमच्या प्रतीत पानाच्या तळाला टीप असेल, तिथे ते वचन सापडेल.