गाठ विरघळेल का?
इंदूरच्या कॅन्सर-रेडिएशनच्या ओपीडीत नवा आहेस, म्हणून सांगते. "ताई, गाठ विरघळेल ना?" हे रोज ऐकशील. उत्तर द्यायची घाई नको, आधी हिमोग्लोबिन बघ. रक्त कमी म्हणजे गाठीला ऑक्सिजन कमी, मग किरणं बोथट पडतात. घशाची गाठ पी-१६ (एचपीव्ही विषाणूची खूण) पॉझिटिव्ह निघाली तर आशा जास्त. पण आपल्या बाकावर बहुतेक गुटख्याची तोंडंच. खिसा चाचपायला लाजू नकोस, पाचव्या आठवड्यातही पुडी सापडते! ३५ फेऱ्यांत ७० ग्रे (किरणांच्या डोसचं माप) ठरले की खाडे मोज. लग्नसराईत महू-देवासचे पेशंट हमखास गायब, आणि तेवढ्यात कॅन्सरच्या उरलेल्या पेशी भराभर वाढतात. पेट स्कॅन (उरलेला कॅन्सर शोधणारा) मात्र रेडिएशन संपल्यावर १२ आठवड्यांनी. आधी केलास तर सूजच गाठ वाटेल.