शनीची कडी की शनीच्या कड्या?

प्रश्न असा आला आहे: 'शनीची कडी' आणि 'शनीच्या कड्या' अशी दोन्ही रूपं वाचायला मिळतात, बरोबर कोणतं? आणि 'वलय' असताना 'कडं' हवंच कशाला?

'शनीची कडी' हेच बरोबर. मूळ शब्द नपुंसकलिंगी आहे: ते कडं, ती कडी, जसं तळं–तळी, भांडं–भांडी. 'कड्या' हे दाराच्या किंवा साखळीच्या कडीचं अनेकवचन. घोटाळा का होतो ते 'ती मोठी कडी दिसली' या वाक्यात बघा. ही स्त्रीलिंगी एक कडी की नपुंसकलिंगी अनेक? सर्वनाम, विशेषण, भूतकाळी क्रियापद, सगळं सारखंच. मग ऐकणारा ते एकवचन धरतो आणि त्याचं पुन्हा अनेकवचन करून टाकतो. वाक्य वर्तमानकाळात घातलं की उलगडा होतो: दाराची कडी दिसते, शनीची कडी दिसतात. 'कड्यांमध्ये', 'कड्यांचा' ही रूपं मात्र दोन्ही शब्दांची सारखीच होतात, त्यामुळे 'शनीच्या कड्यांमध्ये' अगदी निर्दोष आहे.

आता वलय. संस्कृतात त्याचाही अर्थ कंकणच, पण मराठीत तो धूसर झाला. प्रसिद्धीचं वलय, तेजोवलय. कडं म्हटलं की टणक, एकसंध वस्तू डोळ्यांपुढे येते. ख्रिस्तियान हॉयगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञानं १६५९ साली ग्रहाला कुठेही न टेकणारं पातळ, सपाट कडं वर्णिलं, तेव्हा त्याच्या मनात घन कडंच होतं. दोनशे वर्षांनी, १८५९ साली, मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं गणितानं दाखवलं की असं घन कडं टिकणार नाही. ते सुट्या तुकड्यांचंच असलं पाहिजे. १८९५ साली कीलर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं कड्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून ताडून पाहिलं: आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा वेगानं फिरते. अखंड वस्तूत हे शक्यच नाही.

एरवी कडं घडवतात. हे मात्र मोडण्यातून होतं, आणि मला या शब्दाची खरी गंमत इथेच वाटते. एखादा उपग्रह ग्रहाच्या फार जवळ आला, तर त्याच्या जवळच्या बाजूवर ओढ जास्त, लांबच्या बाजूवर कमी. समुद्राला भरती आणणारा हाच फरक इथे उपग्रहाला ताणतो आणि त्याचं स्वतःचं गुरुत्व अपुरं पडलं की फाडतो. ही हद्द म्हणजे रोश मर्यादा; ग्रहाइतक्याच घनतेच्या द्रवरूप गोळ्यासाठी ती ग्रहाच्या केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे २.४४ पट अंतरावर येते. शनीची मुख्य कडी तिच्या आतच आहेत. तिथला चुरा पुन्हा एकवटून मोठा उपग्रह होऊ शकत नाही. तिरप्या कक्षेतले तुकडे इतरांवर आपटत राहतात, वर-खाली होणारी गती टकरींत विरते आणि पसारा चपटा होत जातो. म्हणून सुमारे २,७०,००० किलोमीटर व्यासाची ही कडी बऱ्याच भागांत जेमतेम दहा-वीस मीटर जाडीची आहेत. मोडलेला उपग्रह होता की धूमकेतू, आणि हे केव्हा झालं, यावर अजून एकमत नाही.

सगळीच कडी मात्र अशी होत नाहीत. १९७९ साली व्हॉयेजर १ या अंतराळयानाला दिसलेलं गुरूचं कडं म्हणजे मेटिस, अ‍ॅड्रास्टियासारख्या छोट्या उपग्रहांवर सूक्ष्म उल्का आदळून उडालेली धूळ. शनीचं ई कडं तर रोश मर्यादेच्या बरंच बाहेर आहे. एन्सेलाडस या शनीच्या उपग्रहाच्या फवाऱ्यांतले बर्फकण त्याला भर घालत असतात.

परिभाषेत सगळ्यांना 'वलय' म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. मी स्वतः शनीच्या रेखीव पट्ट्यांना 'कडी' म्हणतो आणि गुरूच्या विरळ धुळीला 'वलय'. 'खळं' मात्र इथे वापरू नये. चंद्राला खळं पडतं तेव्हा चंद्राभोवती काहीच नसतं. आपल्याच हवेतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळलेला असतो.