जुन्या कमिटवरून ब्रांच काढताना

अरे, कालचा कोड बिघडला म्हणून सगळा फोल्डर कॉपी करून ठेवू नकोस. गिटमध्ये (कोडचा इतिहास सांभाळणारं साधन) ब्रांच म्हणजे एका कमिटकडे, म्हणजे कोडच्या जतन केलेल्या एका टप्प्याकडे, बोट दाखवणारं नाव, बस्स. ते बोट महिन्यापूर्वीच्या कमिटकडेही दाखवता येतं.

आधी 'गिट लॉग' (कमिटची यादी) वनलाइन पर्यायासह चालव, हव्या त्या कमिटचा छोटा हॅश, म्हणजे त्याचा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, उचल. मग 'गिट स्विच', डॅश सी, नव्या ब्रांचचं नाव आणि शेवटी तो हॅश. झालं. (स्विच २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत आलं. त्याआधीचं गिट असेल तर चेकआउट, डॅश बी.) मूळ ब्रांचला धक्काही लागत नाही.

नवखे फसतात ते इथे: नाव न देता नुसता हॅश चेकआउट करतात. मग 'डिटॅच्ड हेड'ची (म्हणजे तू कुठल्याच ब्रांचवर नाहीस अशी) लांबलचक सूचना येते, ती कोणी वाचत नाही. त्यावर दोन-तीन कमिट करून मेनवर (मुख्य ब्रांचवर) परतलास, की ते कमिट कुठल्याच ब्रांचवर दिसत नाहीत. घाबरू नकोस, 'गिट रीफ्लॉग'मध्ये (तू कुठल्या कमिटवर होतास याची नोंद) त्यांचे हॅश सापडतात. त्यावरूनच ब्रांच काढ. पण लगेच. अशा अनाथ नोंदी एरवी ३० दिवसांनी साफसफाईत जाऊ शकतात.

आणि हो, 'रीसेट हार्ड' (ब्रांच मागे सरकवून जतन न केलेले बदल पुसणारी आज्ञा) सुचवणाऱ्याचं सध्या ऐकू नकोस.